दुसरा काळा डाग

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस क्वीन्सलंड नांवाचा विस्तीर्ण प्रांत आहे. तेथील ऊन प्रखर, आकाश बहुधा निरभ्र, आणि वस्ती बव्हंशीं इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड अशा ढगाळ देशांतून गेलेल्या गोऱ्या लोकांच्या वंशजांची. या प्रांतांतील एकादा उंसाचा शेतकरी कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावा. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थाच्या पाठीवरील एक तीळ कांहीं महिन्यांत पसरूं लागला, त्याच्या कडा वेड्यावांकड्या झाल्या. डॉक्टरांनीं तो काढून तपासला आणि मेलॅनोमा, म्हणजे त्वचेंतील रंगपेशींचा कर्करोग, असें निदान केलें. जखम भरली, मनुष्य पुन्हां कामास लागला. पुढें तीन वर्षांनीं त्याच्या डाव्या पोटरीवर तसाच दुसरा डाग उमटला. त्या वेळीं त्याच्या व घरच्यांच्या मनांत पहिला विचार कोणता आला असेल, हें सांगावयास नको. रोग अंगभर पसरला कीं काय?

या प्रश्नाचीं उत्तरें दोन संभवतात, आणि त्या दोहोंमध्यें जीवन-मरणाचें अंतर आहे. शेतांत गवताच्या दोन गंज्या रचलेल्या आहेत असें समजावें. एक पेटली, आणि कांहीं काळानें दूर असलेली दुसरीही पेटली. पहिलीची ठिणगी वाऱ्यावर उडून दुसरीवर पडली असेल. परंतु असेंही होतें कीं, दोन्ही गंज्या ओलें गवत न वाळवितां रचलेल्या असतात, आंतल्या आंत तापतात, आणि आपापल्या वेळीं आपापल्या पेटतात. तेथें ठिणगी शोधणें व्यर्थ. दोष गवताच्या ओलीचा. मेलॅनोमाच्या पेशी रक्तांतून किंवा लसीकेंतून वाहत जाऊन दुसरीकडे रुजल्या, तर तो पहिल्या रोगाचा प्रसार होय आणि तें गंभीर लक्षण आहे. पण पोटरीवरचा डाग तेथल्याच रंगपेशींतून नव्यानें निपजला असेल, तर तो स्वतंत्र मेलॅनोमा. पहिल्याशीं त्याचें नातें बापलेकाचें नसून भावाभावाचें आहे. तो कोवळा असतांना सांपडला, तर बहुधा काढून टाकला कीं संपला.

हा भेद सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठरतो. त्वचेच्या वरच्या पापुद्र्याच्या अगदीं तळच्या रांगेंत रंगपेशींची बैठक असते. मेलॅनिन नांवाचें काळपट द्रव्य त्या तयार करतात आणि शेजारच्या पेशींना वांटून देतात. उन्हानें मनुष्य रापतो तो याच द्रव्यामुळें. नवा मेलॅनोमा प्रायः या तळच्या रांगेंत सुरू होतो, प्रथम आडवा पसरतो व मग खोल उतरतो. म्हणून वरच्या पापुद्र्यांत बिघडलेल्या पेशींचें जाळें आढळलें, तर डाग तेथलाच समजतात. उलट, गांठ खोल थरांत आहे आणि वरचा पापुद्रा स्वच्छ आहे, असें दिसल्यास ती बाहेरून आलेली असण्याचा संभव अधिक. क्वचित् प्रसाराची गांठही वरपर्यंत चढून परीक्षकाची फसगत करते. पण अनुभवी परीक्षकास बहुतेक वेळां उलगडा होतो. अहवालांतील हा एक शब्द, 'प्रसार' कीं 'स्वतंत्र', रोग्यानें आवर्जून विचारून घ्यावा. घाबरलेलीं माणसें तो विचारीत नाहींत, आणि घाईंत असलेले डॉक्टर तो सांगण्याचें विसरतात.

आतां प्रश्न असा कीं, ओल्या गवताच्या गंजीसारखी ही त्वचा कोणाची असते? या शोधाचा आरंभ दोनशें वर्षांमागें झाला. इंग्लंडांतील स्टूरब्रिज गांवचे डॉक्टर विल्यम नॉरिस यांनीं १८२० सालीं ५९ वर्षांच्या एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. या गृहस्थाचा रोग एका तिळांतून उद्भवला होता. त्याचा बाप सुमारें तीस वर्षांपूर्वीं अशाच रोगानें वारला होता. आणि बाप, भाऊ, तो स्वतः व त्याचीं मुलें या सर्वांच्या अंगावर पुष्कळ तीळ होते. हा रोग वंशपरंपरेनें येत असावा, असें अनुमान नॉरिस यांनीं काढलें. आनुवंशिकतेचें शास्त्र तेव्हां जन्मालाही आलें नव्हतें. मेंडेलचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनीं झाला. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या वैद्यानें रोग्याचें घर पाहिलें, मुलांच्या अंगाकडेही पाहिलें, म्हणून हें त्याच्या ध्यानांत आलें.

एक मेलॅनोमा झालेल्या किती जणांस दुसरा होतो, याची चांगली मोजदाद न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयांत झाली. १९९६ ते २००२ या काळांत तेथें नोंदलेल्या ४,४८४ रोग्यांपैकीं ३८५ जणांस, म्हणजे शेंकडा ८.६ जणांस, दोन किंवा अधिक स्वतंत्र मेलॅनोमा झाले. मोठ्या नामांकित रुग्णालयांत अवघड रोगी अधिक येतात, म्हणून सर्व प्रांताच्या रोगनोंदींतून निघणारा आंकडा याहून बराच कमी असतो, हें लक्षांत ठेवावें. याच पाहणींत पहिल्या मेलॅनोमानंतर पांच वर्षांत दुसरा होण्याचा संभव शेंकडा ११.४ ठरला. घरांत हा रोग पूर्वीं झालेला असल्यास तो १९.१ वर गेला, आणि अंगावर विचित्र घडणीचे तीळ असल्यास २३.७ वर. सर्वांत विचार करावयास लावणारा आंकडा पुढेंच आहे. ज्यांस दोन मेलॅनोमा होऊन गेले, त्यांस पांच वर्षांत तिसरा होण्याचा संभव शेंकडा ३०.९! दुसरा डाग हा नुसता दुसरा डाग नसतो. गवत ओलें असल्याचा तो पुरावाच असतो.

अमेरिकेंतील कर्करोगनोंदींतून १९७३ ते २००६ या काळांतील ८९,५१५ रोग्यांचा मागोवा घेण्यांत आला, तेव्हां त्यांच्यांत नव्या मेलॅनोमाचें प्रमाण सामान्य जनतेच्या सुमारें साडेआठपट आढळलें. येथें 'पट' आणि 'टक्का' यांची गल्लत होऊं देऊं नये. वर्तमानपत्रें ती नेहमीं करतात. साडेआठपट याचा अर्थ शंभरांपैकीं पंचायशी जणांस रोग होतो, असा मुळींच नाहीं. तितक्याच वयाच्या, तितक्याच सामान्य लोकांत जेथें दहा रोगी अपेक्षित, तेथें या मंडळींत सुमारें शायशीं निघाले, एवढाच त्याचा अर्थ. लहान संख्येची साडेआठपट लहानच राहूं शकते. परंतु ही वाढ वीस वर्षांनंतरही टिकून होती. 'पांच वर्षें निघून गेलीं, आतां सुटलों,' हा हिशोब पहिल्या रोगाच्या बाबतींत कांहीं अंशीं चालेल. दुसऱ्याच्या बाबतींत तो चालत नाहीं.

न्यूयॉर्कच्या पाहणींत आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. दोन मेलॅनोमा झालेल्यांपैकीं शेंकडा ५९ जणांचा दुसरा डाग पहिल्यानंतर वर्षाच्या आंतच सांपडला. वरवर पाहणारास वाटेल कीं, पहिल्या रोगानें शरीर खचलें व दुसऱ्यास वाट मिळाली. खरें कारण निराळें आहे. पहिलें निदान होईपर्यंत त्या मनुष्याचें सर्व अंग कोणीं काळजीपूर्वक पाहिलेलेंच नसतें. निदान झाल्यावर डॉक्टर त्याला डोक्यापासून पायापर्यंत उजेडांत तपासतात, आणि इतके दिवस दडून बसलेला सोबती उघडकीस येतो. रोग वाढत नाहीं, नजर वाढते. हें समजुतीसाठीं केलेलें अनुमान नव्हे, त्यास जाडीच्या मोजणीचा आधार आहे. मेलॅनोमा किती खोल गेला, हें मिलिमीटरांत मोजण्याची पद्धत अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन डॉक्टरांनीं १९७० सालीं सांगितली, आणि रोग्याचें भवितव्य आजही मुख्यतः या मोजणीवरून सांगतात. वरील रोग्यांपैकीं शेंकडा ७४ जणांत सर्वांत जाड मेलॅनोमा पहिलाच होता. पुढचे पातळ होते, कारण पाळत सुरू झाली होती. वरच्या पापुद्र्यांतच असतांना मेलॅनोमा काढला, तर तो जवळजवळ नेहमींच कायमचा बरा होतो. सगळा डाव या एका गोष्टीवर आहे.

आतां कारणांकडे वळूं. पहिलें कारण तीळ. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २००५ सालीं काढलेल्या हिशोबाप्रमाणें, अंगावर पंधराहून कमी तीळ असणाऱ्यांच्या तुलनेनें शंभराहून अधिक तीळ असणाऱ्यांस मेलॅनोमा होण्याचा संभव सुमारें सातपट ठरला. पांच विचित्र तीळ असले तरीही संभव सहापटीहून अधिक. विचित्र तीळ म्हणजे आकारानें मोठे, कडा अस्पष्ट, रंग कोठें फिका कोठें गडद असे. अशा तिळांनीं अंग भरलेलीं व मेलॅनोमा वारंवार झालेलीं कुटुंबें अमेरिकेंतील डॉक्टर वॉलेस क्लार्क व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं वर्णिलीं. आपल्याकडे तळहातावरच्या तिळाला धनयोग समजतात आणि गालावरच्या तिळाचें कौतुक करतात. त्यांत कांहीं वावगें नाहीं. बहुतेक तीळ जन्मभर निरुपद्रवीच राहतात. पुष्कळ मेलॅनोमा तर तिळांतून न निघतां स्वच्छ कातडीवरच उगवतात. तिळांची गर्दी ही मुख्यतः त्या मनुष्याच्या रंगपेशींच्या स्वभावाची खूण समजावी. यासाठींच सगळे तीळ खरवडून काढल्यानें धोका टळत नाहीं, आणि कोणी तसें सुचविल्यास त्याचें ऐकूं नये.

दुसरें कारण रक्तांतलें. नवव्या गुणसूत्रावर सीडीकेएन-टू-ए नांवाचें एक जनुक आहे. पेशींच्या विभागणीला आवर घालणें हें त्याचें काम. गाडीचा ब्रेक म्हणावें तसें. १९९४ सालीं मेलॅनोमाच्या कुटुंबांत या जनुकांतील दोष सांपडले. नेदरलंड्समधील लायडन शहराच्या परिसरांत तर याच जनुकांतील एक विशिष्ट तूट एकाच पूर्वजाकडून अनेक घराण्यांत उतरली आहे. अशा घराण्यांतून स्वादुपिंडाच्या कर्करोगाचीही भीति असते. पुढें ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इटली व अमेरिका या चार देशांत मिळून एक मोठें संशोधन झालें. त्यांत एकदांच मेलॅनोमा झालेले आणि दोन किंवा अधिक वेळां झालेले अशा दोन गटांची तुलना केली. या जनुकाचा दोष पहिल्या गटांत शेंकडा सुमारें एक, तर दुसऱ्यांत शेंकडा सुमारें तीन जणांत आढळला. म्हणजे दुसरा मेलॅनोमा झालेल्यांपैकीं सत्त्याण्णव जणांस हा दोष नव्हता! ज्याच्या घरांत कोणालाच हा रोग नाहीं, त्यानें निश्चिंत होऊं नये, आणि ज्याच्या घरांत आहे त्यानें जनुकाची एक चांचणी निर्दोष आली म्हणून पाळत सोडूं नये. केंस तांबूस व कातडी न रापणारी करणारें एमसी-वन-आर हें दुसरें जनुकही या कामीं हातभार लावतें.

परंतु जनुक म्हणजे ललाटरेषा नव्हे. सदोष सीडीकेएन-टू-ए असलेल्या कुटुंबांची २००२ सालीं देशवार पाहणी झाली. वयाच्या ऐशींव्या वर्षापर्यंत मेलॅनोमा होण्याचा संभव युरोपांत शेंकडा ५८, अमेरिकेंत ७६, आणि ऑस्ट्रेलियांत ९१ निघाला. जनुक तेंच, मोडलेला ब्रेक तोच. पण रस्त्याचा उतार निराळा. हा उतार उन्हाचा. ऑस्ट्रेलियांतील गणिती एच. ओ. लँकेस्टर यांनीं १९५६ सालींच दाखवून दिलें होतें कीं, युरोपीय वंशाच्या लोकांत मेलॅनोमानें होणारे मृत्यु विषुववृत्ताकडे जावें तसतसे वाढतात. सूर्याचे अतिनील किरण रंगपेशींच्या केंद्रांतील जनुकद्रव्याची मोडतोड करतात, आणि सगळी मोडतोड दुरुस्त होत नाहीं. त्यांतही बाळपणाचें ऊन विशेष जाचक. ब्रिटनमधून लहानपणीं ऑस्ट्रेलियांत आलेल्यांस तेथेंच जन्मलेल्यांइतकाच धोका असतो. पंधराव्या वर्षानंतर आलेल्यांस तो बराच कमी असतो. चार देशांच्या उपरिनिर्दिष्ट संशोधनांतही, बाळपणीं प्रखर उन्हाच्या प्रदेशांत वाढलेल्यांस अनेक मेलॅनोमा होण्याचा संभव अधिक दिसला. ऊन साऱ्या अंगाला लागलेलें असतें. म्हणून एक डाग काढल्यानें शेजारची कातडी निर्दोष होत नाहीं.

इतर कारणें थोडक्यांत. वाढतें वय व पुरुषजन्म यांनीं संभव वाढतो. मूत्रपिंडादि अवयवांच्या प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें घ्यावीं लागतात, त्यांनींही वाढतो. हौसेनें अंग रापविण्यासाठीं कृत्रिम किरणांच्या पलंगावर निजण्याचा प्रकार पाश्चात्त्य देशांत फार माजला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २००९ सालीं या पलंगांस कर्करोगकारकांच्या अव्वल वर्गांत घातलें. ब्राझीलनें त्याच वर्षीं त्यांवर बंदी घातली, आणि ऑस्ट्रेलियाच्या सर्व राज्यांनीं २०१६ पर्यंत त्यांचा धंदा बंद पाडला. आपल्याकडे गोरेपणाच्या मलमांवर पैसे उधळले जातात आणि तिकडे काळेपणासाठीं पलंग भाड्यानें घेतले जात होते, हा मनुष्यस्वभावाचा एक मासलाच आहे.

भोगलेलें ऊन परत करतां येत नाहीं, पण यापुढचें टाळतां येतें. क्वीन्सलंडमधील नॅम्बोर गांवीं १९९२ सालीं १,६२१ रहिवाशांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट केले. एकानें उन्हापासून रक्षण करणारें मलम रोज लावावें, दुसऱ्यानें नेहमींच्या संवयीप्रमाणें वागावें. साडेचार वर्षें प्रयोग चालला आणि पुढें दहा वर्षें नोंद ठेवली. रोज मलम लावणाऱ्यांत ११ मेलॅनोमा निघाले, दुसऱ्या गटांत २२. हे लोक वयानें प्रौढ होते, हें यांतलें विशेष. चाळिशी-पन्नाशींतही उशीर झालेला नसतो.

आणि पाळत. रोग होऊन गेलेल्या मनुष्यास डॉक्टर कांहीं महिन्यांच्या अंतरानें बोलावतात, भिंगानें प्रत्येक तीळ पाहतात, जरूर तर सबंध अंगाचीं छायाचित्रें घेऊन पुढील वेळीं ताडून पाहतात. घरीं महिन्यांतून एकदां मनुष्यानें स्वतः पाहावें. दोन अर्धे न जुळणारे, कडा फाटक्या, रंग अनेक, आकार पेन्सिलीच्या टोंकावरील रबराहून मोठा, आणि मुख्यतः बदलत जाणारा, असा डाग संशयास्पद. याहून सोपी एक खूण फ्रेंच डॉक्टरांनीं सांगितली आहे. एका अंगावरचे तीळ बहुधा एकमेकांसारखे असतात. त्यांत जो एकटाच निराळा दिसेल, गोष्टींतल्या कुरूप बदकाच्या पिल्लासारखा, तो दाखवावा. पाठ व मान स्वतःस दिसत नाहीं. तें काम पत्नीनें, पतीनें किंवा मुलानें करावयाचें. भाऊ, बहीण व मुलें यांस या रोगाची बातमी न लपवितां द्यावी आणि त्यांनींही अंग तपासून घ्यावें. घरांतील दुखणें झांकून ठेवण्याची चाल पुष्कळ समाजांत आहे. येथें ती सरळ घातक आहे.

हे सर्व आंकडे गोऱ्या लोकांचे आहेत. ते आपल्या घरांना जसेच्या तसे लावूं नयेत. भारतांत वर्षाकाठीं दर लाख लोकांत एकाहूनही कमी जणांस मेलॅनोमा होतो. आपल्या कातडींतलें मेलॅनिन ही निसर्गानें दिलेली छत्रीच आहे, आणि सिडनी-मेलबर्नला जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांसही ती उपयोगी पडते. पण सांवळ्या वर्णांत हा रोग बहुधा निराळ्याच जागीं निघतो. तळपाय, तळहात आणि नखाखालीं. तेथें उन्हाचा संबंध नसतो. जमेकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीं १९७७ सालीं मेलॅनोमा आढळला, आणि ११ मे १९८१ रोजीं वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं ते वारले. तळपायाचा काळा डाग आपल्याकडे कुरूप, ठेंच किंवा मोडलेला कांटा समजून महिनेन् महिने चालवून घेतात. सांवळ्या माणसांच्या अनेक नखांवर फिकट काळ्या रेघा असणें स्वाभाविक आहे. परंतु एकाच नखावर नव्यानें उमटलेली, रुंद होत जाणारी किंवा नखाशेजारच्या कातडीवर उतरलेली रेघ, आणि दोन महिन्यांत न गेलेला तळपायाचा डाग, हीं त्वचारोगाच्या डॉक्टरांस दाखवावीं. पायांचे तळवे पाहण्यास घरांत आरसा व दिवा पुरतो.